उसनी शिफ्ट

थेरगाव,
१२ जानेवारी २०२५, रविवार

आप्पा,

वर 'तीर्थरूप' लिहिलं होतं. मग ते पान फाडलं. तुम्ही म्हणाला असता, परीक्षेतलं पत्र आहे का. साधंच लिहिते.

फोन तुम्ही उचलत नाही. सोजरआत्यांना लावला की त्या म्हणतात, "हाय की हितंच, देते थांब," आणि मग बराच वेळ नुसता कोंबड्यांचा आवाज येत राहतो. म्हणून पत्र. तुम्हीच सांगायचात की तोंडानं खोटं सहज बोलता येतं, लिहिताना मात्र हात अडतो. मला तुमच्याशी खरंच बोलायचं आहे, म्हणून लिहिते.

समाधानच्या बँडचा दौरा ठरला. हसू नका. चार पोरं आहेत. आपला समाधान, प्राधिकरणातला सलिल, जो गाणी रचतो आणि बसवतो, आणि नाच बघणारे क्षितिज अन् श्याम. बँडचं नाव 'जनरल शिफ्ट'. नाव मी सुचवलं. आपल्यासारख्या घरात सगळं आयुष्य पहिली, दुसरी आणि तिसरी शिफ्ट यांत जातं. जनरल शिफ्ट म्हणजे माणसासारखं सकाळी जाऊन संध्याकाळी परत येणं. निळ्या डांगऱ्या घालून गातात. आईनं चारही डांगऱ्या मापाच्या करून दिल्या, मशीनवर, रविवारी.

महिन्याभरात आठ कार्यक्रम आहेत. दापोडी, चऱ्होली, दोन कॉलेजांची गॅदरिंग, दोन सोसायट्या, एका मंडळाचा वर्धापनदिन, आणि शेवटचा आठ फेब्रुवारीला चाकणला. तो मोठा. पुण्याची एक कार्यक्रम करणारी मंडळी तिथं बघायला येणार आहेत. त्यांना आवडलं तर नाशिक, कोल्हापूर, सोलापूर.

काल दापोडीत पहिला झाला. रेल्वेलाइनच्या कडेचं मैदान. मधेच लोकल गेली की माइकचं काही ऐकू यायचं नाही, तेव्हा समाधाननं गाणं थांबवलं नाही, नुसते ओठ हलवत राहिला आणि गाडी गेल्यावर बरोबर त्याच ओळीवर सापडला. 'सहाची बस सुटली गं, तुझी खिडकी मिटली गं.' सगळी गल्ली ओरडली. आप्पा, ही कंपनीच्या बसबद्दलची ओळ आहे. कामगारांच्या पोरांनी स्वतःच्या बसबद्दल गायलं आणि लोकांना ते आपलं वाटलं, हे मला फार मोठं वाटतं. तुम्हाला वाटेल पोरखेळ.

तुमचा शब्द कंपनीत अर्जुनरावांकडे आहे हे आम्ही विसरलेलो नाही. तुमच्याकडे बघून त्यांनी समाधानला ट्रेनी म्हणून घेतलं. नोकरीला धक्का लागणार नाही. शिफ्टची सोय मी केली आहे.

जूनमध्ये जेवताना मी जे बोलले, त्याबद्दल एवढ्यात लिहीत नाही. लिहिणार आहे.

विजू


थेरगाव,
२० जानेवारी, सोमवार

आप्पा,

उत्तराची वाट बघते असं म्हणणार नाही, पण पोस्टमन डांगे चौकाच्या बाजूनं येतो हे आता मला ठाऊक झालं आहे.

काल चऱ्होलीला होतो. तिथं बारा मजली सोसायट्या आणि मधेच ज्वारीचं एखादं शेत. लोक म्हणाले, "एकच गाणं तीनदा नका म्हणू राव." सलिल म्हणाला, "काका, चारच आहेत आमच्याकडे." त्यावर सगळे हसले आणि तेच गाणं चौथ्यांदा म्हणायला लावलं. शेवटी चौघांना स्टेजवरून उतरू देईनात. एका बाईंनी समाधानची दृष्ट काढली, तिथंच, मीठ-मोहऱ्या आणून. मी कडेला उभी होते. तुम्ही असतात तर काय केलं असतं कोण जाणे. कदाचित चप्पल घालून बाहेर जाऊन उभे राहिला असतात. पण ऐकलं असतंत.

सोय कसली केली ते सांगते, नाहीतर तुम्ही भलतंच समजाल. समाधानची दुसरी शिफ्ट असते, साडेतीन ते बारा, आणि कार्यक्रम संध्याकाळचे. मग कार्यक्रम किंवा तालीम असेल त्या दिवशी त्याच्या जागी त्याचा मित्र उभा राहतो. ज्योतीराम. औश्याकडचा आहे, चाकणला सहा जणांत एका खोलीत राहतो. त्याची स्वतःची पहिली शिफ्ट असते, दुपारी मोकळा होतो. गेटवर कार्ड लावायचं, तोंडाला मास्क, डोक्याला टोपी. कार्डावरचा फोटो इतका पुसट की कुणीही चालेल. तिथली सगळी ट्रेनी पोरं असंच करतात. त्याला 'उसनी शिफ्ट' म्हणतात. पैसे नाहीत, काही नाही. शेजारणीकडून वाटीभर साखर आणावी आणि पुढच्या आठवड्यात वाटी भरून परत करावी तसं. ज्योतीरामच्या बहिणीचं लग्न मार्चमध्ये आहे, तेव्हा समाधान त्याच्या शिफ्टा भरणार.

मी त्याचा तक्ता करून भिंतीला लावला आहे. कोणत्या तारखेला कोण, किती दिल्या, किती फिटायच्या. कुणावर अन्याय नको.

ज्योतीराम परवा जेवायला आला होता. आईनं विचारलं, "पोरा, सकाळी सातला उभा राहतोस आन् परत रात्री बारापर्यंत? पाय हायत का खांब?" तो म्हणाला, "मावशी, सवय हाय ओ. उभं राहूनच झोपतो मी, घोड्यावानी." आम्ही सगळे हसलो. मग त्यानं समाधानला दुसरं कडवं म्हणून दाखवलं. चारही गाणी पाठ आहेत त्याला. आवाज फाटका आहे, पण शब्द एक चुकत नाही.

तरुण आहे. जमतं.

विजू


थेरगाव,
२८ जानेवारी, मंगळवार

आप्पा,

घाईत लिहिते आहे.

कार्यक्रम थोडे दिवस थांबले आहेत. समाधान घरी आहे, त्याला सुट्टी आहे. तब्येत उत्तम. आई बरी आहे.

कंपनीतून तुम्हाला कुणी काही कळवलं, तर चुकीचं समजा. समाधान माझ्यासमोर बसला आहे.

आप्पा, एक विचारायचं होतं. तुमची बोटं गेली तेव्हा दुखणं किती दिवस राहिलं होतं? आई सांगते की झोपेत तुम्ही नसलेली बोटं हलवायचात. ते पुढं थांबलं का आपोआप? सहज विचारते.

विजू


थेरगाव,
३० जानेवारी, गुरुवार

आप्पा,

काल सात महिन्यांनी तुमचा आवाज ऐकला.

"विजे, अर्जुनरावांचा फोन आला होता. समाधानचा हात गेला म्हणतात." तुमचा श्वास लागला होता. रानातून चालत आला असणार, जिथं रेंज येते तिथपर्यंत. मी म्हटलं, आप्पा, समाधान ठीक आहे, त्याचे दोन्ही हात ठीक आहेत, देवाशपथ, हा घ्या, बोला त्याच्याशी. तो बोलला. तुम्ही त्याला म्हणालात, "टाळी वाजव." त्यानं फोनपाशी टाळी वाजवली. मग तुम्ही परत मला मागितलंत आणि विचारलंत,

"मग हात कुणाचा?"

मी म्हटलं, हॅलो, हॅलो, ऐकू येत नाही. आणि फोन कापला.

ऐकू येत होतं.

चोवीस तारखेला, शुक्रवारी, कॉलेजचं गॅदरिंग होतं. मी स्टेजच्या उजव्या बाजूला उभी. पावणेसात वाजत आले होते. फोन वाजला. कंपनीतला कुणीतरी मुलगा, ओरडून बोलत होता, मागं मशीनचा आवाज. "ताई, तुम्ही समाधानच्या ताई ना? समाधानचा हात प्रेसमध्ये आला. लवकर या." आणि माझ्यासमोर समाधान दोन्ही हात वर करून नाचत होता. दोन हजार पोरं त्याच्याबरोबर हात वर करून. मी त्याच्या हातांकडे बघत होते आणि फोनवर तो मुलगा सांगत होता, समाधानचा हात गेला.

तो ज्योतीराम होता. उजव्या हाताची तीन बोटं गेली. अंगठा आणि करंगळी आहे.

चाकणच्या रस्त्यावरच्या एका खासगी दवाखान्यात नेलं होतं, विम्याच्या कार्डावर. समाधानच्या कार्डावर. सगळे कागद समाधानच्या नावानं. कंत्राटदाराचा माणूस तिथं होता, पण त्यानं दोघांनाही कधी पाहिलेलं नव्हतं. तो मला म्हणाला, "बहीण ना तुम्ही? सही करा, ऑपरेशन लगेच घ्यायचंय." स्ट्रेचरवर ज्योतीराम शुद्धीत होता. त्यानं माझ्याकडे बघून मान हलवली, नाही अशी. नाही म्हणजे सांगू नका. दोघांची नोकरी जाईल, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

फॉर्मवर रुग्णाचं नाव छापलेलं होतं. 'नाते' असा रकाना होता. मी लिहिलं 'बहीण'. खाली सही केली. पूर्ण सही, वळणदार, बँकेत करतात तशी. आप्पा, हात अडला नाही.

मग सिस्टर बाहेर आली. "कार्डावर बी पॉझिटिव्ह लिहिलंय. रक्त ओ येतंय." मी म्हटलं, कार्ड चुकलंय. ती म्हणाली, "बरं झालं आम्ही कार्डावर जात नाही." आणि आत गेली.

हे सगळं तुम्हाला परवाच्या पत्रात लिहायचं होतं. समाधानच्या तब्येतीवर चार ओळी लिहून पाकीट बंद केलं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर लिहिलं. आता तुम्ही काय म्हणाल ते मला माहीत आहे. तरी म्हणा.

विजू


थेरगाव,
५ फेब्रुवारी, बुधवार

आप्पा,

तुम्ही काहीच म्हणाला नाहीत. फोन उचलत नाही. ठीक आहे.

आता जूनचं लिहिते, कारण त्याशिवाय पुढचं लिहिता येणार नाही.

समाधाननं बँडचं काढलं आणि तुम्ही नको म्हणालात, तेव्हा मी ताटावरून उठून म्हटलं होतं, "भोसरीत तुमची बोटं गेली तेव्हा तुम्ही काय केलंत? घरी लागलं असं लिहून दिलंत. सही केलीत. त्या सहीच्या मोबदल्यात मिळालेली नोकरी तुम्ही समाधानला देताय." मी पदवीधर. आपल्या घरात पहिली. कायदा वाचलेली. तुम्ही घास तसाच ठेवलात, आणि दुसऱ्या दिवशी गावी गेलात.

मी तेव्हा नऊ वर्षांची होते. खोटं का लिहून दिलंत हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. आता मला कळलं आहे की अशा वेळी समोर पेन कसं येतं. कुणी बळजबरी करत नाही. सगळे घाईत असतात आणि फक्त खाली बोट दाखवतात.

ज्योतीरामचं दुसरं ऑपरेशन शुक्रवारी आहे. मांडीची कातडी काढून हाताला लावणार. त्यासाठी पुन्हा सही. आणि त्याच दिवशी कंपनीचा अपघाताचा फॉर्म विमा कचेरीत जाणार. पुढं डॉक्टरांचं मंडळ बसून ठरवतं, कायमचं अपंगत्व किती. एकदा ते समाधानच्या नावावर चढलं की समाधान कागदावर तीन बोटं नसलेला माणूस. त्याला दोन हात असून कुणी मशीनवर घेणार नाही. आणि ज्योतीरामला तीन बोटं नसून कागदावर काही झालेलंच नाही. त्याला आयुष्यभर काही मिळणार नाही.

ऐका, अजून आहे. ज्योतीराम पहिल्या शिफ्टला गैरहजर दिसू नये म्हणून त्याचं कार्ड आता तिसरंच कुणीतरी लावतंय. त्याच्या खोलीतला मुलगा. म्हणजे कंपनीच्या हिशेबानं ज्योतीराम रोज सकाळी सातला कामावर उभा आहे.

आज दुपारी अर्जुनरावांचा समाधानला फोन आला. ते मुलीच्या लग्नाच्या रजेवर होते, म्हणून इतके दिवस आले नव्हते. "बेटा, शुक्रवारी येतो बघायला. तुझ्या आप्पांना तोंड कसं दाखवू मी." समाधान "हो साहेब" म्हणाला आणि फोन ठेवून भिंतीला टेकून खाली बसला.

मग आमच्या बाहेरच्या खोलीत बैठक झाली. बैठक म्हणजे समाधान, सलिल आणि मी. आई भाजी निवडत होती.

सलिल म्हणाला, "पाच मिनिटांचा प्रश्न आहे. समाधानला बेडवर झोपवा, हाताला बँडेज गुंडाळा, अर्जुनराव बघून जातील. शनिवारी चाकण आहे. आठ तारखेपर्यंत थांबा, मग काय खरं-खोटं करायचं ते करा."

मी म्हटलं, आणि ज्योतीराम कुठं जाईल तेवढा वेळ?

"त्याला विचारलंय मी," सलिल म्हणाला. "तो म्हणाला, संडासात जाऊन बसतो, सलाइन घेऊन."

आई निवडता निवडता थांबली. "संडासात?" ती म्हणाली. "हात तुटलेलं पोरगं?"

तिनं भाजी बाजूला सारली.

"दादा, तू हुशार हायस," आई सलिलला म्हणाली, "पण तू आज जेवल्याबिगर जा."

आपल्या घरातून कुणी न जेवता गेलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. सलिल वाईट नाही, आप्पा. जाताना जिन्यात मला म्हणाला, "ताई, तक्ता तुम्ही केला होता. मी फक्त गाणी केली." खरं आहे ते.

भिंतीवर तक्ता अजून आहे. ज्योतीराम, सहा शिफ्ट. परतफेड शून्य. मी प्रत्येक तारखेपुढं बरोबरची खूण केली होती. तो सकाळी सात ते रात्री बारा उभा राहतो, हे त्या तक्त्यात कुठंच दिसत नाही. तसा रकानाच मी केला नव्हता.

समाधान आज फक्त एवढं म्हणाला, "ताई, खरं सांगितलं तर माझी नोकरी जाईल. बँड जाईल. आप्पांचा शब्द जाईल. आणि ज्योतीरामचीही नोकरी जाईल, तो दुसऱ्याच्या कार्डावर होता. मग सांगून फायदा कुणाचा?"

परवा शुक्रवार आहे.

विजू


थेरगाव,
९ फेब्रुवारी, रविवार

आप्पा,

शुक्रवारी सकाळी साडेआठला सिस्टरनं फॉर्म आणून दिला. तोच. वर समाधानचं नाव, खाली 'नाते'. पेन माझ्या हातात होतं. ज्योतीराम पलंगावरून बघत होता. उशाला पाटी, त्यावर निळ्या स्केचपेननं समाधानचं नाव, वय, आणि खाडाखोड केलेला रक्तगट.

हात अडला. तुम्ही म्हणायचात तसा. मला 'बहीण'मधला ब लिहिता येईना.

मी म्हटलं, "सिस्टर, हे नाव चुकीचं आहे."

"स्पेलिंग?"

"नाही. माणूस."

तिनं आधी पाटीकडे बघितलं, मग ज्योतीरामकडे. "मला वाटलंच होतं," ती म्हणाली. "दोन आठवडे झाले, समाधान म्हणून हाक मारली की हा दुसऱ्या हाकेला बघतो." मग ती डॉक्टरांना बोलवायला गेली.

ज्योतीराम चिडला. पहिल्यांदाच पाहिलं मी त्याला चिडलेलं. "ताई, काय केलं ओ हे तुमी? आता माझं कार्डबी जाणार. घरी काय सांगू? मार्चमधी लगीन हाय." मी त्याला समजावायला गेले की तुझा हक्क आहे, तू मशीनवरच होतास, कार्ड कुणाचंही असो. तो म्हणाला, "हक्क खायला घालतो का?" माझ्याकडे खात्री नव्हती. आजही नाही.

समाधान पलंगाच्या पायाशी उभा होता. मी त्याला सकाळी सांगितलं होतं की तू येऊ नकोस. तो आला, आणि अर्जुनराव शहाळं आणि बिस्किटांचा पुडा घेऊन दारात आले तेव्हा हलला नाही.

अर्जुनराव आधी समाधानकडे बघून हसले. सवयीनं. मग त्याच्या हातांकडे बघितलं. मग पलंगाकडे. शहाळं हातात तसंच धरून ते स्टुलावर बसले.

"हा पहिल्या शिफ्टचा ज्योतीराम ना?"

"होय साहेब," ज्योतीरामच म्हणाला.

"तू तर रोज हजर आहेस."

"नाही साहेब. मी हितं हाय."

अर्जुनरावांनी समाधानकडे न बघता विचारलं, "अपघात किती वाजता झाला?"

"पावणेसातच्या सुमारास."

"सकाळी सातला लागला होतास?"

"बारावा तास चालू होता, साहेब. झोप न्हाई लागली. नुसती पापणी जड झाली."

"आणि मला कुणी सांगितलं नाही. मी तिथंच फिरत असतो दिवसभर."

"तुमी इचारलं असतं तर सांगितलं असतं, साहेब."

शहाळं खाली ठेवून अर्जुनराव समाधानला म्हणाले, "तुझ्या आप्पांच्या शब्दावर घेतलं होतं तुला." समाधाननं खिशातून कार्ड काढून त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी घेतलं नाही. "मला काय देतोस? गेटवर जमा कर," म्हणाले, आणि उठून डॉक्टरांच्या खोलीत गेले. पण अर्ध्या तासानं ते परत आले ते कोरा कागद घेऊन. मला म्हणाले, "तू शिकलेली आहेस. लिही. जे झालं ते सगळं लिही, तुझ्या सहीसकट. मी साक्षीदार म्हणून सही करतो. माझं काय व्हायचं ते होईल."

मी लिहिलं. तीन पानं झाली. तक्ता मी केला हे लिहिलं. 'बहीण' मी लिहिलं हे लिहिलं. ज्योतीरामनं ऐकलं आणि म्हणाला, "घोड्यावानी झोपतो ते नका लिहू." ते लिहिलं नाही. मग सही करायची वेळ आली. तो आयटीआय झालेला, सही करणारा मुलगा. उजवा हात पांढऱ्या गोळ्यासारखा. अर्जुनरावांनी शाईचं पॅड मागवलं. डाव्या अंगठ्याला शाई लावताना ज्योतीरामनं तोंड भिंतीकडे केलं. तेवढ्यासाठी त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, बोटांसाठी आलेलं मी पाहिलं नव्हतं.

सिस्टरनं पाटी पुसली आणि नवं नाव लिहिलं. ज्योतीरामनं मान वाकडी करून ते वाचलं. म्हणाला, "दीर्घ वेलांटी द्या, सिस्टर." तिनं दिली.

कागद बदलण्यात एक दिवस गेला. त्याची आई शुक्रवारी रात्रीच्या गाडीला बसली आणि शनिवारी सकाळी उतरली. सही तिनं केली, नात्याच्या रकान्यात 'आई'. ऑपरेशन झालं. नीट झालं म्हणतात. विमा कचेरीतले साहेब म्हणाले, चौकशी होईल, वेळ लागेल, पण तो मशीनवर होता हे कुणी नाकारत नाही. कंपनीनं समाधानला काढलं. ज्योतीरामचं अजून ठरलेलं नाही. अर्जुनरावांना नोटीस आली आहे.

आणि काल चाकण होतं. समाधान म्हणाला, मी जाणार नाही, दवाखान्यात बसतो. ज्योतीरामची आई खुर्चीत झोपली होती. ज्योतीराम भूल उतरल्यावर जडपणे म्हणाला, "सहा शिफ्ट मी कशाला उभा राहिलो? तू हितं बसायला? जा. तू नाही गायलास तर माझी बोटं निव्वळ फुकट गेली." समाधान रडत गेला. मी थांबले. सलिलनं स्टेजवरून फोन लावून ठेवला होता, आम्ही त्यावर ऐकलं. समाधानचा आवाज दोनदा बसला. ज्योतीराम डोळे मिटून ऐकत होता, मग म्हणाला, "दुसऱ्या कडव्यात चुकला येडा." पुण्याची मंडळी 'कळवतो' म्हणून गेली. कळवतील असं मला वाटत नाही.

आज सकाळी सात वाजता समाधान दवाखान्यात हजर झाला. साडेतीनपर्यंत बसणार आहे. रोज. भिंतीवरच्या तक्त्यात परतफेडीच्या रकान्यात त्यानं स्वतः एक खूण केली. ज्योतीरामला त्यानं भरवलं, पाणी दिलं, दात घासून दिले. पण एक गोष्ट त्याला जमली नाही आणि मलाही नाही. शर्टाचं बटण लावायला शिकवणं. डाव्या हाताला सवय नाही, आणि पट्टी सुटल्यावर नुसत्या अंगठा आणि करंगळीत ते येणार कसं. आम्ही लावून देतो तर तो हात झटकतो. म्हणतो, "बायकोनं लावावं असं वय हाय माझं, तुमी कशाला."

मी चौथीत होते तेव्हा तुम्ही रोज संध्याकाळी माझ्या शेजारी बसून माझ्याच वहीत बाराखडी काढायचात. तीन बोटांनी. मला वाटायचं तुम्ही माझा अभ्यास घेता. पेन अंगठा आणि अनामिकेत अडकवून, वही डाव्या कोपरानं दाबून. काज्यातून बटण ओढायला तुम्ही आईच्या केसांची पिन वाकवून घेतली होतीत. ती अजून देव्हाऱ्याखालच्या डब्यात आहे. मी आज बघितली. पण कशी वापरायची ते आमच्यापैकी कुणालाच माहीत नाही.

मला माफ करा असं लिहीत नाही. ते मी समोर म्हणेन, तुम्ही ऐकणार असाल तर. आमच्यासाठी येऊ नका. समाधानची नोकरी आता वाचत नाही, तुमचा शब्दही मी वाचवू शकले नाही.

ज्योतीरामला बटण लावायला शिकवायला या. वॉर्ड पहिल्या मजल्यावर, खिडकीजवळचा पलंग. पाटीवर त्याचंच नाव आहे.

विजू